न कमावलेलं

पंडिता रमाबाईंचं आयुष्य वाचलेल्या माणसाला एक प्रश्न टाळता येत नाही. ज्या घरात देवभक्तीपायी होतं नव्हतं ते दान झालं आणि आईवडील अन्नावाचून खंगून गेले, त्या घरातली मुलगी पुढे पुन्हा देवावरच भार टाकून कशी जगली? मराठी ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न क्वचित निघतो, आणि निघाला तर उत्तर फार घाईने येतं. मला घाई करायची नाही, म्हणून तो दोन माणसांच्या तोंडी दिला आहे. दोघंही कल्पित आहेत. आत्या अहिल्यानगरच्या मंडळीत वाढलेली, मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. भाचा सरकारी रुग्णालयात डॉक्टर. लहानपणी संडेस्कूलला न चुकता जाणारा, आता चर्चमध्ये नाताळला आणि कुणाच्या लग्नाला दिसणारा. माझा कल आत्याकडे आहे आणि तो मी लपवत नाही. पण भाच्याचे प्रश्न मला खरे वाटतात; त्यातला एक तर अजून माझ्याकडून सुटलेला नाही.

भाचा: आत्या, परवा पाळकसाहेबांच्या संदेशात रमाबाई आल्या होत्या. देवावर भरवसा ठेवला आणि देवाने काही कमी पडू दिलं नाही, असा सूर. मला एवढंच विचारायचं होतं की तिच्या वडिलांचा भरवसा कमी पडला होता का?

आत्या: नव्हता. उलट जास्तच असेल.

भाचा: मग? अनंतशास्त्री डोंगरे केवढे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. आल्यागेल्याला जेवू घालता घालता कर्ज झालं, तेव्हा सगळं कुटुंब घेऊन तीर्थयात्रेला निघाले. पुराणं सांगायची, मिळेल त्यातून दान करायचं, स्नानं, उपास, जप. आणि 1870च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाने काय केलं? मजुरी करायची नाही, हात पसरायचा नाही, देव देईल. दागिने गेले, भांडीकुंडी गेली, शेवटी रानात शिरले. अकरा दिवस पाणी, पाला आणि मिळाली तर रानटी खजुरं. वडील पवित्र तळ्यात देह सोडायला निघाले. हे माझं नाही, रमाबाईंनीच लिहून ठेवलंय.

आत्या: पुढचंही लिहिलंय. मुलगा म्हणाला, मी मजुरी करतो, पण तुम्ही जीव देऊ नका.

भाचा: हो. म्हणजे त्या दिवशी वाचवलं ते मुलाच्या निर्णयाने. आणि तरी थोड्याच काळात वडील गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण पटकीने. एवढ्या भरवशानंतर पदरात हे. पुढे त्याच मुलीने दुसऱ्या देवावर भरवसा ठेवला. तिथे अमेरिकेतून पैसे आले, केडगावला तिने खणलेल्या विहिरींना पाणी लागलं, आणि आपण म्हणतो भरवसा फळाला आला. दोनदा एकच गोष्ट केली, दोनदा वेगळं घडलं. आपण फक्त आपल्याला हवं ते संदेशात सांगतो.

आत्या: हे तुझं म्हणणं मला मान्य आहे.

भाचा: मान्य?

आत्या: विहिरीला पाणी लागलं म्हणून देव खरा, असं म्हणणाऱ्याने विहीर आटली की देव खोटा म्हणायचीही तयारी ठेवावी. रमाबाईंच्या आयुष्यात आटलेल्या विहिरी काही कमी नाहीत. 1880मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, 1882 उजाडलं आणि तेही पटकीने गेले; कडेवर तान्ही मनोरमा. बाप्तिस्म्यानंतरही दुःखं थांबली नाहीत. त्या बाईच्या देवाने तिला काही कमी पडू दिलं नाही, असं मी तरी म्हणणार नाही. खूप कमी पडू दिलं.

(मध्येच माझं थोडं. आपल्या प्रार्थनासभांतून साक्षी ऐकताना मला नेहमी मागच्या बाकावर बसलेली माणसं दिसतात. पुढे कुणी सांगत असतं, नोकरी लागली, गाठ विरघळली, मुलाला व्हिसा मिळाला. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याचा आनंद खरा असतो. पण जिची गाठ विरघळलेली नाही ती बाई मान खाली घालून बसलेली असते, आणि आपल्या विश्वासात कुठे खोट राहिली हे शोधत असते. साक्षी फक्त मिळालेल्याच्याच झाल्या की तारणाचा निरोप तिच्यापर्यंत पोचत नाही. खरं तर तो आधी तिच्यासाठी आहे.)

भाचा: मग वडिलांच्या आणि मुलीच्या भरवशात फरक काय उरला?

आत्या: ते कुटुंब काय करत होतं ते नीट बघ. स्नान केलं की पुण्य, दान दिलं की पुण्य. ते साठत जाईल आणि एक दिवस देव प्रसन्न होईल. सगळी धडपड देवापर्यंत पोचण्याची. मी त्यांना हसत नाही. आपल्या मंडळीतली निम्मी माणसं हेच करतात. दशांश दिला, उपास केले, तरी माझ्याच मुलाला का, असं मला कितीतरी जणांनी रडून विचारलंय. शुभवर्तमानाची सुरुवातच दुसरीकडून होते. तुम्ही काही चांगलं करायच्या आधी, तुम्ही पाठ फिरवलेली असतानाच देव निघाला, तुमच्यापर्यंत आला आणि तुमच्यासाठी वधस्तंभावर गेला. ते कमवता येत नाही. हात रिकामे करून घ्यावं लागतं.

भाचा: हे वारकऱ्यालाही पटेल. कृपा त्यांच्याकडेही आहे.

आत्या: आहेच. नारायण वामन टिळक सांगायचे की तुकोबांनीच त्यांना ख्रिस्तापाशी आणून सोडलं. कृपेवर आपला एकट्याचा हक्क आहे असं मी म्हणतच नाही. ख्रिस्ती माणूस एवढंच म्हणतो की ही कृपा एकदा देह धरून आली, पंतय पिलाताच्या कारकिर्दीत, आणि यरुशलेमच्या वेशीबाहेर तिला खिळे ठोकले गेले. मी त्या घडलेल्या गोष्टीवर भरवसा ठेवते. माझ्या आयुष्यात पुढे काय घडेल त्याच्यावर नाही.

भाचा: आणि रमाबाईंना हे असंच कळलं होतं?

आत्या: एकदम नाही. आसामात सिल्चरला संसार होता तेव्हा घरात बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान हाती लागलं. ते आवडलं, तेवढंच. पुढे 1883मध्ये ती इंग्लंडात वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिली. त्यांनी तिला लंडनमधल्या फुलमच्या त्यांच्या घरी पाठवलं. ज्यांना गावात कुणी उंबऱ्याशी उभं करणार नाही अशा बायका तिथे होत्या, आणि सिस्टरा त्यांची सेवाशुश्रूषा करत होत्या. रमाबाईंना धर्मशास्त्रं मुखोद्गत. अशा बाईला शास्त्रात काय सांगितलंय तेही मुखोद्गत. तिने विचारलं, यांची एवढी काळजी तुम्ही का करता? तेव्हा तिला योहानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर एकटी आलेली, पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा ख्रिस्त. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला.

भाचा: आणि आठ वर्षांनी म्हणाली की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता.

आत्या: वाचलंयस की.

भाचा: तुझ्याच कपाटातलं पुस्तक.

आत्या: मग त्या आठ वर्षांत काय काय झालं ते मोज. त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून तिने वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी, चेल्टनहॅमच्या कॉलेजातल्या मिस बील यांच्याशी पत्रापत्री वाद घातले. अमेरिका पालथी घातली. 11 मार्च 1889ला मुंबईत शारदासदन उघडलं. विधवांसाठी तेव्हा तिच्याइतकं करणारं कोण होतं? आणि अशी बाई 1891च्या सुमारास म्हणते की आतापर्यंत मी धर्मावर विसंबले होते, तारणाऱ्यावर नाही. मला या वाक्याने अनेक वर्षं झोपू दिलं नाही. एवढं चांगलं काम करणारी बाई स्वतःला तारलेली समजत नव्हती, तर मी कोण? मग लक्षात आलं की ती तेच सांगतेय. बापाकडचा हिशेब तिने धर्म बदलताना बरोबर आणला होता. स्नानाच्या जागी सेवा आली होती. तो हिशेब त्या वर्षी सुटला.

भाचा: हे कमवायचं नाही, एवढंच मला सगळ्यात खटकतं. वधस्तंभावरचा तो चोर घे. जन्मभर लूटमार केली, शेवटच्या तासाला एक वाक्य बोलला, आणि थेट सुखलोकात. आणि आमच्या वॉर्डातली एक सिस्टर आहे, उभा जन्म रात्रपाळ्यांत गेला, पेशंटची घाण काढताना कधी नाक मुरडलं नाही. ती देव मानत नाही. तिचं काय?

आत्या: रात्री दारू पिऊन गाडी चालवणारा आणि त्याने उडवलेला, दोघं एकदम तुझ्या अपघात विभागात आले. आधी कुणाला घेतोस?

भाचा: ज्याचं गंभीर त्याला.

आत्या: लायकी विचारत नाहीस.

भाचा: नाही विचारत. पण ही उपमा तुलाच अडचणीत आणेल. जो उपचार नाकारतो त्याची मी सही घेतो आणि घरी जाऊ देतो. त्याला जाळत नाही. आणि आमच्या हॉस्पिटलचा पत्ताच ज्याला माहीत नव्हता त्याला तर मुळीच नाही.

आत्या: याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. नरकाचा नकाशा खिशात असल्यासारखी बोलणारी माणसं मला नको वाटतात. कॅथलिकांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1964मध्ये, लिहून टाकलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. आमच्या बाजूचे काहीजण त्यावर नाराज असतात. मी नाही. तुझ्या सिस्टरचा न्याय करायला मला कुणी बसवलेलं नाही. न्यायासनावर जो बसणार आहे तो त्या चोराशी बोललेलाच ख्रिस्त आहे, एवढं मला पुरतं.

भाचा: तुला पुरतं. मला अजून चोराच्या बळींची आठवण येते.

आत्या: यावी. कृपा म्हणजे गुन्हा झालाच नाही असं नव्हे. तसं असतं तर वधस्तंभ कशाला लागला असता? आणि न्यायाचंच बोलायचं तर द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट पुन्हा वाच. सकाळी आलेल्याला जेवढी मजुरी तेवढीच संध्याकाळी पाचला आलेल्याला. सगळे म्हणतात, हा अन्याय. पण पाचला आलेले मजूर काय सांगतात? आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. मजूर अड्ड्यावर संध्याकाळपर्यंत उभा राहिलेला माणूस आळशी असतो का रे? म्हातारा असतो, एका हाताने अधू असतो, परगावचा असतो. चूल त्याच्याही घरी असते. मालकाने दिला तो एक दिनार, म्हणजे त्या दिवसाचं पोट. तासाप्रमाणे दिलं असतं तर त्याची पोरं उपाशी झोपली असती. मला तर हा देव तुमच्या लेबर कमिशनरपेक्षा जास्त न्यायी वाटतो.

भाचा: बरं. पण तारण फुकट मिळालं, तर पुढे काम कशाला करायचं?

आत्या: केडगावला जाऊन विचार. त्या दौंड तालुक्यात तेव्हा काय होतं? माळ. रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, झाडं लावली. 1896-97चा दुष्काळ पडला तेव्हा ती मध्य प्रांतात गेली. तिथल्या छावण्यांतल्या मुली बघितल्या आणि स्वतःचे ते अकरा दिवस तिच्यापुढे उभे राहिले. तीनशेच्या आसपास मुली तिने आणल्या. विश्वास कृतीवाचून मेलेला, असं याकोबाच्या पत्रात आहे, आणि ल्यूथरला ते पत्र फारसं आवडत नसे. कृपा की कृती यावर युरोपात साडेचारशे वर्षं भांडणं झाली. 31 ऑक्टोबर 1999ला आउग्सबुर्ग शहरात कॅथलिकांनी आणि लूथरनांनी एका कागदावर सह्या केल्या, की माणूस स्वीकारला जातो तो कृपेने, आणि सत्कर्मं त्यातून निपजतात. केडगावच्या विहिरी त्याच्या शंभर वर्षं आधीच्या.

भाचा: म्हणजे मुलींना वाचवलं रमाबाईंनी.

आत्या: देवाने वाचवलं आणि रमाबाईंनी वाचवलं, ही दोन वाक्यं मला एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत.

भाचा: मला त्यातलं एक वाक्य जास्तीचं वाटतं.

आत्या: तिला वाटत नव्हतं, आणि उचललं तिने होतं. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांची हमी दिली होती ती शारदासदनासाठी, उच्चवर्णीय विधवांसाठी. ती मुदत 1898ला संपत होती. दुष्काळातल्या या मुली त्या हमीत बसतच नव्हत्या. पैसा कुठून येणार हे ठाऊक नसताना तीनशे आणल्या. हिशेबाने चालणारी चांगली बाई पन्नास आणून थांबली असती, आणि लोकांनी तिलाही नावं ठेवली नसती. जिला स्वतःच्या जिवाची, पुण्याची, नावाची काळजी उरलेली नाही तिलाच एवढा मोठा पदर पसरता येतो. 1899मध्ये तिने कृपासदन काढलं, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी. फुलमला पाहिलेलं सोळा वर्षांनी केडगावात उभं केलं. तारण म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी त्या घराचा पत्ता देईन.

भाचा: हे मला पटतं, अगदी मनापासून. पण आत्या, असा भार टाकून जो बुडाला त्याचं चरित्र कुणी लिहीत नाही.

आत्या: तिच्या वडिलांचं लिहिलंय ना. तिनेच लिहिलं. आणि काय लिहिलंय ते विसरू नकोस. आंधळे झालेले, उपासाने सुकलेले अनंतशास्त्री धाकट्या मुलीला जवळ घेतात आणि सांगतात की तुला मी देवाच्या हाती दिलंय, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. 1907मध्ये, पन्नाशीला टेकलेली ख्रिस्ती रमाबाई आपली साक्ष लिहायला बसते तेव्हा हे शब्द तिला जसेच्या तसे आठवतात. पुण्य साठवण्याची सगळी धडपड त्या क्षणी संपली होती. हातात द्यायला दान नव्हतं, करायला स्नान नव्हतं. उरली होती एक मुलगी, ती त्यांनी सोपवली. मला वाटतं, त्या घटकेला बापाचा आणि लेकीचा भरवसा एकच होता. म्हणून मी तुझ्या पहिल्या प्रश्नाला नाही म्हणाले. त्यांचा भरवसा कमी नव्हता.

भाचा: पाळकसाहेबांना हे सांगशील?

आत्या: सांगेन.

(आत्याचं हे म्हणणं काहींना धाडसाचं वाटेल. मला ते ख्रिस्ती श्रद्धेला धरूनच वाटतं. तारण देवाचं असेल, तर ते कुणाच्या शेवटच्या घटकेत किती खोल जातं हे आपण दाराशी उभं राहून मोजू नये.)

भाचा: आता मला जे सगळ्यात बोचतं ते विचारतो. भुकेल्या मुलीला आधी भाकरी आणि मग बाप्तिस्मा. हे तुला बरोबर वाटतं? 1893मध्ये पुण्यात काय झालं? रानडे आणि भांडारकर शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. टीका करणाऱ्या केसरीचं सोड, रानडे तर तिचे पाठीराखे होते.

आत्या: तिचं म्हणणं असं की मी कुणावर सक्ती केली नाही. मी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करते. ज्यांना यावंसं वाटतं त्या येतात. स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना करायची, ही अट ती मानणार नव्हती.

भाचा: उघडं दार आणि आत बसलेली, जिच्यावर आपलं जेवण अवलंबून आहे ती बाई. त्या दारात मुलीला खरंच मोकळेपणा असतो?

आत्या: कमी असतो. यावर मी तुला जिंकू देते. जिंकण्याहरण्याचं हे नाहीच. माझ्या पणजीला दुष्काळात मिशनने उचललं. सात-आठ वर्षांची असेल. तिने हो म्हटलं ते ख्रिस्ताला, भाकरीला, की हात धरणाऱ्या बाईला, मला सांगता येत नाही. बहुधा तिलाही आलं नसतं. तिचा होकार मी तराजूत घालत नाही. पण वाटेवर तिला आणखी कुणी उचललं नव्हतं, हेही खरं आहे.

भाचा: दोन्ही खरं आहे.

आत्या: हो. आणि त्या दोन्हीतून आपण दोघं इथे बसलोय.

भाचा: तसंच नारायण वामन टिळकांचं. 10 फेब्रुवारी 1895ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांना तारण मिळालं. त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, मिळाली ती वर्षानुवर्षांची ताटातूट.

आत्या: त्याची भरपाई कुठल्याही सिद्धांताने होत नाही. लक्ष्मीबाईंनीही ती केली नाही. आपल्या आत्मचरित्रात, स्मृतिचित्रांत, सगळं दुःख आहे तसं मांडलं. पण त्या ख्रिस्ताकडे आल्या त्या नवऱ्याच्या वादविवादाने नाहीत. देवाने माणसं केली, जाती कुणी केल्या, असा विचार करता करता एक दिवस सोवळं गळून पडलं. कुणाच्याही हातचं खायला त्या मोकळ्या झाल्या, आणि 1900मध्ये बाप्तिस्मा घेतला. प्रत्येकाकडे देव वेगळ्या वाटेने येतो. तुझ्याकडे कुठल्या वाटेने येईल ते मी ठरवत नाही.

भाचा: माझ्याकडे येतात ते पेशंट. गेल्या महिन्यात एक बाई आली, आपल्याच लोकांतली. मधुमेह. कुठल्याशा सभेत कुणीतरी डोक्यावर हात ठेवला, तू बरी झालीस असं सांगितलं, आणि तिने इन्सुलिन बंद केलं. आली तेव्हा पायाची जखम काळी पडत चालली होती. दोन बोटं काढावी लागली. मला त्या दिवशी देवाचा नाही, पण भरवसा या शब्दाचा संताप आला.

आत्या: तो संताप तुझ्या आधी येशूलाच आला असता. सैतानाने त्याला मंदिराच्या शिखरावर नेऊन उभं केलं आणि म्हणाला, टाक उडी, देवदूत झेलतील. वर शास्त्रातलं वचनही म्हणून दाखवलं. येशूने उडी मारली नाही. देवाला अशी कसोटी लावणं हा भरवसा नाही, ती सौदेबाजी आहे. ज्याने तिला औषध सोडायला सांगितलं त्याने तिला त्या शिखरावर नेलं.

भाचा: पण गेथशेमानेत येशूनेही मागितलंच ना, हा प्याला टळो म्हणून.

आत्या: मागितलं. टळला नाही. आणि तरी बापाचा हात सोडला नाही. रमाबाईंची मनोरमा 1921मध्ये गेली. संस्था पुढे तीच चालवणार, असं आईने धरलं होतं. मुलीसाठी केडगावात किती प्रार्थना झाल्या असतील! आईचं वय त्रेसष्ट, कानांना नीट ऐकू येत नव्हतं, आणि साध्या खेडवळ बायकांना समजेल अशा मराठीतलं बायबलचं भाषांतर छापखान्यात अर्धवट. त्यासाठी ती हिब्रू आणि ग्रीक शिकली होती. लेक गेल्यावर ते काम टाकलं असतं तर कोण काय म्हणणार होतं? तिने मुद्रितं तपासणं चालू ठेवलं. 5 एप्रिल 1922ला ती गेली, आणि पुस्तक 1924मध्ये निघालं.

भाचा: याला मी जिद्द म्हणेन.

आत्या: म्हण. तुझी ती पेशंट आता कशी आहे?

भाचा: ड्रेसिंगला यायची ती थांबली. फोन केला तर सांगते, इन्सुलिन पुन्हा सुरू केलं तर माझा विश्वास कमी ठरेल. आधीच कमी होता म्हणून बोटं गेली, असं तिला पटवून दिलंय. आत्या, हे माझ्या हाताबाहेरचं आहे. साखर मी बघू शकतो; हे नाही.

आत्या: मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप मुलाला घेऊन येतो. फेपरं येणारा मुलगा. बाप सरळ सांगतो की माझा विश्वास आहे, आणि जो नाही तिथे मला मदत कर. अर्धाच होता त्याचा. येशूने त्याला विश्वास पुरा करून ये म्हणून परत पाठवलं नाही. मुलाला तिथल्या तिथे बरं केलं. विश्वाससुद्धा कमवून आणायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तिचा पत्ता दे मला.

भाचा: जाशील?

आत्या: उद्या सकाळी. तिच्याजवळ बसून तो अध्याय वाचते आणि मग तिला घेऊन तुझ्याकडे येते. प्रार्थना करायची ती रांगेत उभ्या उभ्या करू.

भाचा: साडेआठच्या आत या. केसपेपरची खिडकी नंतर तुंबते. आणि तिला सांग, काही खाऊन येऊ नकोस, उपाशीपोटीची साखर बघायची आहे.